२१ आऊट आणायचे कुठून?

सराव संपला, मुली पांगल्या, तरी आमच्या पिचरचे, म्हणजे बॅटरला बॉल टाकणाऱ्या मुलीचे, बाबा फाटकापाशी घोटाळत होते. एरवी ते गाडीतून उतरतही नाहीत. जवळ येऊन म्हणाले, "मॅडम, माझी बदली झालीय. पुढच्या आठवड्यात निघावं लागणार." मी तोंडाने "अरे वा, बढतीवर ना? अभिनंदन," म्हणाले आणि मनात दिवस मोजायला लागले. पहिला सामना ३१ दिवसांवर होता. मुलगी नऊ दिवसांनी जाणार होती.

बारा वर्षांखालच्या मुलींचा आमचा सॉफ्टबॉलचा संघ. पंधरा जणी. त्या संध्याकाळी मला राग आला होता, आणि तो कोणाचा हे सांगता येईना. मुलीचा नव्हता, बाबांचाही नव्हता. बहुतेक माझाच असावा, कारण दोन वर्षांत मी दुसरी पिचर तयार केली नव्हती. करणार होते, दर महिन्याला करणार होते. पण संघ जिंकत असला की घडी मोडायला हात धजत नाही.

रात्री कोणाचा अनुभव वाचायला मिळतो का ते शोधत बसले. पिचिंग कशी शिकवावी यावर ढीगभर मजकूर आहे. पिचर गेल्यावर उरलेल्या संघाचं काय करायचं, यावर जवळपास काही नाही. म्हणून हे लिहितेय.

झोप येईना तेव्हा स्कोअरबुक काढलं. पूर्ण महिन्यात मी केलेलं सगळ्यात शहाणपणाचं काम हेच, आणि ते निव्वळ निद्रानाशामुळे झालं. शेवटचे पाच सामने घेतले. सात इनिंग, इनिंगला तीन आऊट, म्हणजे सामन्याला २१ आणि पाच सामन्यांचे १०५. त्यातले ६१ स्ट्राइकआऊट, म्हणजे पिचरनेच बॅटरला तीन स्ट्राइकवर बाद केलेलं. आणखी ११ आऊटमध्ये पिचरनेच बॉल अडवून फर्स्ट बेसला (बॅटरने धावत गाठायच्या पहिल्या तळाला) दिलेला किंवा स्वतः झेललेला. म्हणजे ७२ आऊट एका मुलीचे. बाकीच्या आठ जागांचे मिळून ३३. आऊटफिल्डच्या, म्हणजे मैदानाच्या मागच्या भागातल्या, तिघींचे मिळून पाच. त्यातल्या उजवीकडच्या, राइट फील्डवालीचा एकही नाही. ३५ इनिंग ती मुलगी उन्हात उभी होती आणि तिच्या नावावर स्कोअरबुकात एक रेघ नव्हती.

वहीच्या शेवटच्या पानावर मी लिहिलं, "२१ आऊट आणायचे कुठून?" ते पान पुढचा महिनाभर माझ्या पिशवीत दुमडून होतं.

हा हिशेब कोणालाही फोन करण्याच्या आधी करा. मी संध्याकाळीच दोन फोन करून बसले होते. एका कोचने हसत सांगितलं, "पिचर कोणी उसनी देतं का हो?" दुसऱ्याने मुलगी आहे म्हणून सांगितलं, पण वयाचा दाखला विचारला तर "कागदांचं बघून घेऊ" म्हणाला. मी नको म्हटलं. लगेच म्हटलं असं मात्र नाही.

दुसऱ्या दिवशी पिचरच्या आईने एक कागद पुढे केला. नव्या गावी मुलीला खेळता यावं म्हणून आमच्याकडून ना-हरकत पत्र हवं होतं. चार ओळींचं पत्र. मी "उद्या देते" म्हटलं, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा "उद्या" म्हटलं. तिसऱ्या दिवशी ती मुलगी स्वतःच कोरा कागद आणि पेन घेऊन आली आणि काही न बोलता माझ्या शेजारी बसली. मी लिहिलं, सही केली, आणि नंतर खूप वेळ मान वर करून तिच्याकडे बघितलं नाही. पत्र अडवून तुम्हाला काहीच मिळत नाही. ते पहिल्याच दिवशी देऊन टाका.

संघाला सांगायचं काम मी तिच्यावर सोडलं नाही. सरावाच्या सुरुवातीला, सगळ्या जमलेल्या असताना, दोन वाक्यांत सांगितलं. कुजबुज झाली, दोघीतिघी रडल्या. थर्ड बेसवाली म्हणाली, "मग आपण हरणार." कोणी काही बोललं नाही, मीही नाही. कॅचर, म्हणजे पिचरचे बॉल झेलणारी, मात्र तिचे पाय-गार्ड काढून परत बांधत बसली होती. सगळ्या धावायला गेल्यावर तिने विचारलं, "ताई, मी आता कुणाचे बॉल घेऊ?" दोन वर्षं ती रोज त्याच एका हाताकडे बघत आली होती.

सामन्याला २७ दिवस उरले असताना मी सगळ्यांची चाचणी घेतली. पिचरही हजर होती, तिलाच बॉल मोजायला बसवलं. खालच्या वयोगटाचा सराव शेजारीच चालतो, त्यातल्याही तिघी-चौघी आल्या. प्रत्येकीने २० बॉल टाकायचे. आमच्या गटात पिचरची पट्टी होम प्लेटपासून, म्हणजे बॅटर उभी असते तिथपासून, ४० फुटांवर असते (मोठ्या मुलींना ४३), पण ज्या मुलीने कधी टाकलेलंच नाही तिला ४० फुटांवर उभं करणं म्हणजे तिची फजिती करणं. मी २५ फुटांवर रेघ मारली. कोणीही गोल हात फिरवायचा नाही, साधा खालून हात मागे नेऊन पुढे आणायचा. आणि वेग बघायचा नाही, हे मी स्वतःला बजावलं होतं. २० पैकी किती बॉल कॅचरला जागचं न हलता घेता आले, एवढंच लिहायचं.

थर्ड बेसवालीचा हात संघात सगळ्यात जोरकस. तिचे सात. खालच्या गटातली एक डावखुरी चिमुरडी, तिचे अकरा. आणि राइट फील्डवालीचे चौदा. तिचा बॉल इतका हळू येत होता की कॅचरने मध्येच जांभई दिली. पण येत होता जिथे हवा तिथे. मी आकडा वाचून दाखवला तेव्हा ती मागे वळून बघायला लागली, दुसऱ्या कोणाचा तर नाही ना म्हणून.

तिघी ठरल्या, आणि डावखुरीला संघात घ्यायचं तर यादीत बदल करणं आलं. आता कागदांविषयी थोडं कंटाळवाणं, पण कामाचं.

खेळाडूंची यादी आयोजकांकडे आधीच गेली होती. बदलाची शेवटची तारीख सामन्याच्या १४ दिवस आधीची. मला वाटलं, एका नावावर काट मारून दुसरं लिहिलं की झालं. तसं नसतं. नाव कमी करण्याचा अर्ज वेगळा, वाढवण्याचा वेगळा, आणि पहिला मंजूर झाल्याशिवाय दुसरा हातात घेत नाहीत. कमी करण्याच्या अर्जाला ना-हरकत पत्राची प्रत लागली. (ती मी ठेवलीच नव्हती. पिचरच्या आईकडून फोटो मागवला.) वाढवण्याच्या अर्जाला जन्माचा दाखला, दोन फोटो, पालकांचं संमतिपत्र आणि डॉक्टरांचं तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र. २५ दिवस आधी दिलेला अर्ज १९ दिवस आधी परत आला. कारण काय, तर दाखल्यावर मुलीचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव असा क्रम आणि मी अर्जात आडनाव आधी लिहिलेलं. शिवाय जर्सीचा नंबर रिकामा. दुसऱ्या दिवशी दुरुस्त करून दिला आणि यावेळी पोच घेतली, तारीख-शिक्क्यासह. मंजुरी आली १२ दिवस आधी, म्हणजे मुदत उलटून दोन दिवसांनी. त्या पोचेमुळेच वाचलो.

थोडक्यात, दाखल्यावर जसं आहे तसंच्या तसं लिहा, दोन प्रती काढा आणि पोच घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. तंदुरुस्तीचं प्रमाणपत्र ऐनवेळी मिळत नाही. आमचे त्यात तीन दिवस गेले.

दरम्यान पिचर गेली. शेवटच्या दिवशी तिने कॅचरला तिचा घासून गुळगुळीत झालेला बॉल दिला. निरोपाचं भाषण मी तयार केलं होतं, ते केलं नाही.

राहिले २२ दिवस. २२ दिवसांत विंडमिल पिचर, म्हणजे हात पूर्ण गोल फिरवून टाकणारी, तयार होत नाही. तयार होते ती जेमतेम बॉल प्लेटवर आणणारी मुलगी, आणि आम्हाला तेवढंच पुरणार होतं. शिकवताना मी उलटीकडून सुरुवात केली, म्हणजे बॉल सुटतो तिथून. पहिले दोन दिवस फक्त मनगट. हात मांडीशेजारी, समोर दहा फुटांवर जोडीदार, आणि मनगटाच्या झटक्याने बॉल सोडायचा. त्याला जाळीही लागत नाही. मी तिघींना घरी मोज्यांची गुंडाळी करून भिंतीवर टाकायला सांगितली, त्याने काही फुटत नाही आणि आईही ओरडत नाही. मग अर्धी फेरी, एक हात वर, एक पुढे, पाय फाकलेले. सहाव्या दिवशी पूर्ण फेरी, तीही २५ फुटांवरून. अंतर सगळ्यात शेवटी वाढवलं, दर दोन दिवसांनी तीन फूट.

एक युक्ती खूप उपयोगी पडली. बॉलभोवती काळ्या चिकटपट्टीचा एक पट्टा लावायचा. बॉल नीट सुटला तर पट्टा हवेत सरळ रेघेसारखा दिसतो, मनगट वाकडं गेलं तर डगमगतो. मग मी काही सांगायची गरज उरत नाही, टाकणारीला स्वतःलाच दिसतं. राइट फील्डवाली तर पट्टा डगमगला की माझ्याआधी "च्च" करायची.

तिच्या कमरेवर मात्र निळा डाग पडला होता. बॉल सुटताना हाताची आतली बाजू कमरेला घासून गेली पाहिजे, ती आपटत होती, कारण ती अंग खूप लवकर फिरवत होती. हे माझ्या लक्षात चौथ्या दिवशी आलं, तिच्या आईने फोन केल्यावर. आईचा आवाज शांत होता, पण मला ऐकून घ्यावं लागलं, आणि तिचं बरोबरच होतं. तेव्हापासून सराव संपल्यावर मी प्रत्येकीला एकच प्रश्न विचारते, कुठे दुखतंय? "दुखतंय का?" असं विचारलं तर सगळ्या "नाही" म्हणतात.

दुखण्यावरून आणखी एक. खालून टाकलेल्या बॉलने खांदा दुखत नाही, हवे तितके टाकू द्या, हे आपल्याकडे सर्रास ऐकू येतं. ते खोटं आहे. खांद्याच्या पुढच्या बाजूला आणि दंडात ताण येतोच. मी रोजची मर्यादा ६० बॉलची ठेवली, आठवड्यातून दोन दिवस पूर्ण सुट्टी. मोजायला यंत्र नव्हतं म्हणून डबीत ६० खडे. टाकला की एक खडा बाहेर.

थर्ड बेसवालीच्या वडिलांना हे पटत नव्हतं. त्यांची मुलगी सगळ्यात जोरात टाकते, तर तिलाच रोज दीडशे टाकू द्या, म्हणजे महिन्याभरात पहिलीसारखी होईल, असं त्यांचं म्हणणं. त्यांनी मला २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकमधल्या युकिको उएनोचं उदाहरण दिलं. जपानच्या या पिचरने दोन दिवसांत तीन सामन्यांत ४१३ बॉल टाकले आणि अमेरिकेला ३–१ ने हरवून सुवर्ण मिळवलं. खरं आहे. मीही ते मुलींना कौतुकाने सांगत आलेय. पण तीच उएनो २०२१ मध्ये टोकियोत अंतिम सामना खेळली, वयाच्या ३९ व्या वर्षी, तेव्हा सहाव्या इनिंगमध्ये बॉल मिउ गोतोच्या हातात होता. उएनो सातव्यात परत आली आणि जपान २–० ने जिंकलं. आणि त्या सहाव्या इनिंगमधली ती प्रसिद्ध कॅच! जोरदार फटका थर्ड बेसवरच्या यामामोतोच्या हाताला लागून उडाला, शॉर्टस्टॉप (सेकंड आणि थर्ड बेसच्या मध्ये उभी राहणारी) अत्सुमीने तो जमिनीला लागायच्या आत झेलला आणि सेकंड बेसला फेकून दुसरा आऊट मिळवला. मी त्यांना म्हटलं, "भाऊ, तुमची मुलगी थर्ड बेसला उभी असते." पटलं की नाही माहीत नाही. पण तो तुकडा मी मुलींना दाखवला आणि नंतर आठवडाभर शॉर्टस्टॉप मुद्दाम थर्ड बेसवालीच्या मागे जाऊन उभी राहायची.

१३ दिवस आधी एका संघाशी सरावाचा सामना ठेवला. १७–४ ने हरलो, चार इनिंगमध्येच. आमच्या तिघींनी मिळून १४ वॉक दिले, म्हणजे चार बॉल बाहेर टाकून बॅटरला फर्स्ट बेस फुकट दिला. थर्ड बेसवालीला अंपायरने तीनदा इल्लीगल पिच (नियमबाह्य बॉल) दिला. ती मागच्या पायाने पट्टीवरून उडी घेऊन पुढे पुन्हा पाय रोवायची आणि तिथून ढकलायची, ज्याला क्रो हॉप म्हणतात. सरावात मी तिचा हात बघत होते, पाय बघितलेच नव्हते. त्याच दिवशी हात एकत्र आणून क्षणभर थांबायचं असतं हेही डावखुरी दोनदा विसरली. नियम आपल्याला पाठ असतात म्हणून मुलींनाही असतील असं धरून चालू नका.

आणि मी काय करत होते? कडेला उभी राहून "स्ट्राइक टाक! स्ट्राइक टाक!" ओरडत होते, म्हणजे प्लेटवरून नीट उंचीवर टाक. जणू ती मुलगी मुद्दाम बाहेर टाकत होती. तिसऱ्या इनिंगला राइट फील्डवाली माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, कसा?" मला त्याचं उत्तर देता आलं नाही. परतताना कोणी गाणी म्हटली नाहीत.

रात्री पुन्हा वही. १७ पैकी दहा रन वॉक झालेल्या मुलींचे. वॉक झालेल्या मुलीला फर्स्ट बेसला पोचण्याआधी जगातली कोणतीही फिल्डर आऊट करू शकत नाही. बॅटला लागलेल्या बॉलवर निदान आठ जणींना काहीतरी करता येतं. म्हणून दुसऱ्या दिवसापासून "स्ट्राइक" हा शब्द मी बंद केला आणि "मारू दे" सुरू केलं. खेळ असा: पूर्ण संघ मैदानात, पिचरने बॅटरला मारता येईल असाच बॉल टाकायचा. बॅटला लागला की पिचरला एक गुण. त्यावर आऊट झाला की फिल्डरला एक गुण. वॉक झाला तर दोघींचा एकेक कमी. दोन दिवसांत पिचरचे खांदे खाली आले, आणि त्याहून गमतीचं म्हणजे फिल्डर जाग्या झाल्या. पहिली पिचर असताना सेकंड बेसवाली बूट आपटत उभी असायची. आता ती ओरडायला लागली, "मला दे, मला दे."

जाग्या झाल्या म्हणजे लगेच जमायला लागलं असं नव्हे. बंट (बॅट न फिरवता बॉल जवळच पाडणं) अडवायचा सराव आम्ही कधी गंभीरपणे केलाच नव्हता, कारण पहिलीच्या वेगावर बंट लागायचाच नाही. आता प्रत्येक संघ बंट करणार हे उघड होतं. फर्स्ट आणि थर्डवालीने पुढे धावायचं, सेकंडवालीने फर्स्ट बेस झाकायचा, शॉर्टस्टॉपने सेकंड, राइट फील्डवालीने फर्स्टच्या मागे यायचं. कागदावर एका मिनिटाचं काम. मैदानावर पहिल्या दिवशी तिघी एकाच बॉलवर पडल्या आणि फर्स्ट बेसवर चिटपाखरू नव्हतं. चार दिवस रोज वीस मिनिटं फक्त हेच केलं. फटके जवळून यायला लागले म्हणून इनफिल्डसाठी आणखी दोन फेस मास्क घेतले, एक डझन बॉल आणि दोन जादा रबरी पट्ट्या, म्हणजे तिघींना शेजारीशेजारी टाकता येईल. वर्गणीतलं जवळजवळ सगळं त्यात संपलं आणि नव्या टोप्या पुढच्या वर्षावर गेल्या. कुरबूर झाली. मास्क आधी घ्या, एवढंच सांगेन.

एक चूक फार उशिरा कळली. पिचर तीन झाल्या, पण कॅचर एकच होती. ६० बॉलची मर्यादा मी प्रत्येक पिचरला घातली, म्हणजे कॅचर रोज १८० बॉल उकिडवं बसून घेत होती. ती बोलणाऱ्यांतली नाही. सामन्याच्या आठ दिवस आधी ती जिना उतरताना एकेक पायरी धरून उतरताना दिसली. तेव्हापासून सरावात तिला उलट्या बादलीवर बसवलं आणि दोन पालकांना हातमोजे देऊन कॅचर केलं. त्यातले एक थर्ड बेसवालीचे वडील. स्वतःच्या मुलीचे बॉल नडगीवर खाल्ल्यावर दीडशेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही.

स्पर्धा. गटात तीन सामने.

पहिला ११–२ ने हरलो, फरक वाढल्यामुळे अंपायरने लवकर थांबवला. दोष माझा. आमच्याकडेही पिचर आहे हे दिसावं म्हणून मी सगळ्यात जोरात टाकणारीला आधी उतरवलं. पहिल्या इनिंगला सहा वॉक. इतकं सगळं करूनही ऐनवेळी मला पहिलीसारखी दिसणारी मुलगीच हवी होती.

दुसऱ्या सामन्याला क्रम उलटा केला. डावखुरी तीन इनिंग, मग थर्ड बेसवाली दोन, शेवटी राइट फील्डवाली दोन. बॅटरला हळू बॉलची सवय लागली की वेगवान येतो, त्याची लय सापडते तोवर पुन्हा हळू. एकाही मुलीचा बॉल अवघड नव्हता, पण कोणालाच एका वेगावर स्थिरावता आलं नाही. मैदानावरच्या मुलींनी आपसात जागा बदलल्या की ती बदली धरली जात नाही, पण अंपायरला सांगावं लागतं. आणि मैदानात जाऊन पिचरशी किती वेळा बोलता येतं यावर मर्यादा असते, तुमच्या स्पर्धेची किती आहे ते आधी विचारा. मी पहिल्या सामन्यात सगळ्या भेटी दुसऱ्याच इनिंगला संपवल्या होत्या.

चौथ्या इनिंगला त्यांच्या मुलीने उजवीकडे सणसणीत फटका मारला. इनफिल्डच्या वरून गेला, दोन टप्पे पडले. हिट, असं समजून मी वहीत मान घातली. राइट फील्डवालीने तो चौथ्या-पाचव्या पावलावर उचलला आणि सेकंडला न देता सरळ फर्स्टला फेकला. बेसमधलं अंतर ६० फूट, बॅटर आरामात धावत होती, तिलाही हिटच वाटला होता. बॉल ग्लोव्ह्जमध्ये बसल्याचा आवाज आला तेव्हा तिचा पाय बेसपासून हातभर लांब होता. अंपायरची मूठ वर गेली. आमच्या बाजूला क्षणभर कोणी ओरडलंच नाही, कारण हे आऊट असतं हे अर्ध्या मुलींना माहीत नव्हतं. मी स्कोअरबुकात "९–३" लिहिलं. ९ म्हणजे राइट फील्ड. तो आकडा त्या वहीत पहिल्यांदाच पडला.

८–७ ने जिंकलो. शेवटचा आऊट सेकंड बेसवालीने डोक्यावरचा साधा झेल घेऊन मिळवला, दोनदा हातातून उडवून. त्या सामन्याचे २१ असे आले: दोन स्ट्राइकआऊट, अकरा जमिनीवरून, सहा झेल, एक होम प्लेटला, आणि एक त्यांच्या रनरने बॉल सुटायच्या आत बेस सोडला म्हणून. नऊ जागांपैकी आठ जागांच्या मुलींचा त्यात हात होता. लेफ्ट फील्डवाली रुसली होती.

तिसरा सामना ५–४ ने हरलो आणि गटातच थांबलो. सातव्या इनिंगला बेस भरलेले असताना राइट फील्डवालीने वॉक दिला, म्हणजे त्यांना रन फुकट मिळाला. ती रडली, खूप रडली. कॅचर तिच्या शेजारी जाऊन बसली आणि दोघींनी मिळून एकाच बाटलीतलं पाणी संपवलं. मी जवळ गेले नाही.

संध्याकाळी कॅचरच्या फोनवर पहिल्या पिचरचा फोन आला. ती नव्या संघात खेळायला लागली होती, ना-हरकत पत्र चाललं होतं. स्पीकर लावलेला, सगळ्या एकदम बोलत होत्या, त्यामुळे तिला काही कळत नव्हतं. ती पुन्हा पुन्हा एकच विचारत होती, "अगं पण पिचर कोण होती?"

कॅचर म्हणाली, "कितव्या इनिंगला?"